ओल्शिंकाला लावायचा दिवा

मागच्या शनिवारी रीडिंगला जाऊन आले. सईला नर्सरीसाठी बूट घ्यायचेत, असं नितीनला सांगून. आता आम्ही राहतो त्या बेसिंगस्टोकला काय बुटांची दुकानं नाहीत? आणि मुलीला बापाजवळ ठेवून तिचे बूट आणायला जाणारी आई जगात मी एकटीच असेन. नितीन "छत्री ने," एवढंच म्हणाला.

ट्रेनमधून उतरले ती तडक आमच्या जुन्या रस्त्यावर. लाल विटांची, एकमेकांना खेटून उभी घरं. त्यातलं खालून चौथं आमचं. आमचं म्हणायचं, पण वरच्या दोन खोल्या तेवढ्या भाड्यानं घेतलेल्या. घर बोझेनाआजींचं. आता दारासमोर राडारोडा भरायचा पिवळा स्किप उभा होता आणि त्यात आजींचं अख्खं किचन पडलं होतं. हिरवट कपाटं, बिजागरीतून निखळलेली दारं, आणि ज्या टेबलाशी बसून आम्ही रविवारचे रविवार घालवले त्याचे तीन पाय. चौथा कुठे दिसला नाही. मागच्या गल्लीत गेले तर कुंपणावरून झुकलेल्या झाडाचे प्लम खाली पडून त्यांचा चिखल झाला होता. आंबूस, गोड वास. गांधीलमाश्या घोंघावत होत्या. मी तिथेच उभी राहिले. बुटांची गोष्ट पार विसरले.

दोन हजार चारच्या थंडीत आम्ही पुण्याहून आलो, तेव्हा आजी पंचाहत्तरीला टेकल्या होत्या. नवरा आर्थर जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना आजी म्हणाले. त्यांनी अर्थ विचारला, सांगितला, तर थोडा विचार करून म्हणाल्या, "चालेल. मला नातवंडं नाहीत, तेव्हा कोणाची जागा घेत नाहीयेस तू." बोलायच्या तशा सरळच. पन्नासपंचावन्न वर्षं इंग्लंडात काढूनही त्यांचं इंग्रजी पायाखाली खडे आल्यासारखं अडखळत चालायचं, आणि मला ते फार बरं वाटायचं. ऑफिसात माझं इंग्रजी ऐकून भुवया उंचावणाऱ्यांची कमी नव्हती.

रविवारी दुपारी त्यांच्या किचनमध्ये कॅरावेचा वास सुटायचा. आपल्या शहाजिऱ्याचा थोरला भाऊ म्हणा. कोबी आंबट करून शिजवायच्या, आणि कणकेचा जाड लोळा उकडून त्याच्या चकत्या करायच्या. सुरीनं नाही. शिवणाचा पांढरा दोरा लोळ्याखालून घ्यायचा, वर फुली मारायची आणि दोन्ही टोकं ओढायची. "सुरीनं दाबली जाते गं, श्वास जातो तिचा," म्हणायच्या. तो दोरा मला धरायला द्यायच्या. माझ्यासाठी कोबीत डुकराची चरबी न घालता लोणी घालायच्या, आणि ते सांगायला विसरायच्या नाहीत.

त्या टेबलाशी बसून मी ओल्शिंका पाहिलं.

ओल्शिंका त्यांचं गाव. चेक देशातलं, नकाशात शोधायला बसलात तर चष्मा लागेल एवढं. बेचाळीस घरं. पाण्याकाठी वाढणारं ओल्शे नावाचं झाड असतं, त्यावरून नाव पडलेलं. एकदा मी सहज म्हणाले, आजी, तुम्ही सांगा, मी काढते. ऑफिसचा लॅपटॉप होताच. फ्लोचार्ट काढायचं सॉफ्टवेअर उघडलं आणि ज्या चौकोनांत मी आठवडाभर विमा कंपनीच्या प्रोसेस भरायची, त्यांत मी लोहार भरला, गिरणी भरली, चॅपेल भरलं. तळ्यासाठी लंबगोल काढला तर आजी चिडल्या. "तळं असं नव्हतं! भाजलेला बटाटा पाहिलायस? तसं!" मग माउसनं बटाटा काढण्यात माझा एक अख्खा रविवार गेला.

वरचा शेंडा, खालचा शेंडा, मधे गवताळ चौक. चौकात लिंडनचं झाड. त्याची फुलं जूनमध्ये शिडी लावून काढायची, माळ्यावर वाळवायची, थंडीत खोकला झाला की त्याचा चहा. चौकातून ओढा, ओढ्यावर तीन फळ्यांचा पूल. मधली फळी ओली असली की घसरायची, म्हणून मुलं ती वगळून उडी मारत. मी पूल काढला तर म्हणाल्या, फळ्या तीनच काढ आणि मधली जरा काळी कर. रस्त्याच्या दुतर्फा प्लमची झाडं. शरद ऋतूत कढया चढायच्या आणि जाम ढवळायला बायका पाळीपाळीनं उभ्या राहायच्या. कोणाची पाळी चुकली तर वर्षभर बोलणी. ऑक्टोबरात तळं उपसायचे. सगळं गाव काठावर, पुरुष मांड्यांपर्यंत चिखलात, टोपल्यांत थडथडणारे मासे, आणि त्या चिखलाचा वास आठवडाभर घराघरांत. सांगताना आजी खोल श्वास घ्यायच्या. जणू तो वास रीडिंगच्या त्या किचनमध्ये कुठूनतरी येत होता.

हिवाळ्यात बायका एका घरात जमून बदकांची पिसं सोलत. टेबलावर पिसांचा ढीग. हसायचं नाही, शिंकायचं नाही, दार उघडायचं नाही. "आणि नेमकं तेव्हाच हसू येतं," त्या म्हणायच्या, आणि हसायच्या. त्यांची आई मात्र कधी हसत नसे. "माझी आई फार कडक. तिनं एकदा नाही म्हटलं की देवसुद्धा दुसऱ्यांदा विचारत नसे."

इतिहासही असाच तुकड्यांनी यायचा. चॅपेलची घंटा युद्धाच्या दिवसांत एकदा खाली उतरवली, तिला फुलांचा हार घातला आणि गाडीत घालून नेली. त्यानंतर कितीतरी वर्षं रुळाचा तुकडा टांगून त्यावर हातोडी मारायचे. खालच्या शेंड्याची नऊ घरं एका उन्हाळ्यात गाठोडी बांधून निघून गेली. त्यांची बदकं मात्र रोज संध्याकाळी तळ्यावरून त्यांच्याच दाराशी जाऊन उभी राहायची. कोण होते ते, का गेले, कोणी नेलं, हे त्या सांगत नसत. मी विचारलंही नाही. मी म्हणाले, "मग त्या बदकांचं काय झालं?" आजी म्हणाल्या, "खाल्ली आम्ही. काय होणार?" आणि उठून नळ सोडून उभ्या राहिल्या.

मग त्यांचं स्वतःचं जाणं. एकोणीस वर्षांच्या होत्या. फेब्रुवारीत, दात दुखतोय, शहरात दाखवून येते, असं आईला सांगून निघाल्या त्या परत गेल्या नाहीत. आईनं डब्यात उकडलेली अंडी दिली होती. इंग्लंडहून किती पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. बऱ्याच वर्षांनी बहिणीचं चार ओळींचं आलं: वडील गेले, आईनं दगड बसवून घेतला आहे. पुढे आई गेल्याचं कळलं, मग बहीणही गेल्याचं. तिकडची कम्युनिस्ट राजवट जाऊन वाट मोकळी झाली तेव्हा आर्थरबरोबर एकदा प्रागपर्यंत जाऊन आल्या. गावी मात्र गेल्या नाहीत. "गुडघे दुखत होते," म्हणाल्या.

त्यांच्याकडे एका घराण्याला एकच दगड. त्यावर सगळ्यांची नावं. आणि जे अजून जिवंत आहेत त्यांचीही कोरून ठेवतात. नाव, जन्मसाल, पुढे आडवी रेघ, आणि रेघेपुढे कोरी जागा. आपल्याकडे असं कोणी केलं तर घरात रामायण होईल. पण तिथे ते आपलेपण. तू आमची, तुझी जागा ही. आजींना सगळ्या जगात एकच गोष्ट कळायला हवी होती: आईनं त्यांचं नाव त्या दगडावर घातलं होतं की नव्हतं. "असेल तर तिनं मला माफ केलं," त्या म्हणाल्या. "नसेल तर नाही. तिला पत्र लिहायला आवडत नसे, पण दगडाशी ती खोटं बोलली नसती."

आणि मी, शहाणी, लगेच म्हणाले, "आम्ही जाणारच आहोत प्रागला, दिवाळीत सुट्टी आहे. मी जाऊन बघून येते की!"

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. हात पिठानं भरलेले होते.

दोन हजार पाचची दिवाळी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्याकडे पितरांना दिवे लावायचा दिवस असतो, तो नेमका आमच्या दिवाळीत आला होता. आजींनी ऑक्सफर्ड रोडवर नव्यानं उघडलेल्या पोलिश दुकानातून लाल काचेतली मेणबत्ती आणली, तिला वर पत्र्याचं झाकण. वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या बॅगेत स्वतः ठेवली. मला तेव्हा पाचवा लागला होता. आदल्या वर्षी एक पोटातच गेलं होतं, त्यामुळे मी पायऱ्यासुद्धा मोजून उतरायची.

निघायच्या आदल्या दिवशी आईचा पुण्याहून फोन. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं.

"स्मशानात?" आई ओरडलीच. "अगं, वेडी का खुळी तू? ऐन दिवाळीत, पोटुशी बाई, स्मशानात दिवा लावायला जाणार? मागचं एक पुरे नाही झालं का तुला?"

"आई, इकडे तसं नसतं. बागेसारखं असतं."

"बागेत जा मग. बागा काय थोड्या आहेत?"

मी हसण्यावारी नेलं. मी कॉम्प्युटर इंजिनियर, मी कशाला असलं मानते! पण 'मागचं एक' हे शब्द पोटात जाऊन बसले, आणि प्रागच्या पुलावर, राजवाड्यात, जिथे जाऊ तिथे ते माझ्याबरोबर फिरले.

ठरल्या दिवशी आम्ही दोन तासांची ट्रेन पकडून त्या तालुक्याच्या गावी उतरलो. तिथून एका डब्याची छोटी गाडी ओल्शिंकाच्या जवळ जाणार, पुढे दोन मैल चाल. गाडी समोर उभी होती. मी वेटिंग रूमच्या बाकावर बसले ती उठेनाच. मांडीवर बॅग, बॅगेत ती मेणबत्ती.

"काय होतंय?" नितीननं विचारलं.

"मला नाही जायचं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. "बरं, तू बस इथे. मी एकटा जातो, दिवा लावतो, दगड बघतो, फोटो काढतो. तीन तासांत परत."

किती सोपं होतं! पण मी काय बोलले, ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. मी म्हणाले, "आणि तिथून तसाच येऊन मला शिवणार? आंघोळ कुठे करणार आहेस, या स्टेशनात?"

तो म्हणाला, "राहू दे मग." त्याच्या आवाजात सुटका होती, माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला. ती छोटी गाडी शिट्टी देऊन निघून गेली. आम्ही समोरच्या खाणावळीत बसून लसणाचं गरम सूप प्यायलो. छान होतं. हे मुद्दाम सांगते, कारण खरंच छान होतं आणि मी दुसऱ्यांदा घेतलं. मेणबत्ती हॉटेलच्या कपाटात ठेवून आलो.

परत आल्यावर आजींनी लगेच काही विचारलं नाही. चहा ठेवला. खसखशीची गोड भाकरी कापली. माझ्याकडे पाठ करून, केटल हातात घेऊन, हळूच म्हणाल्या, "लावलीस?"

"लावली."

"वारा होता?"

"नव्हता. मस्त तेवली."

"लोक होते?"

"कोणी नव्हतं हो. चिटपाखरूसुद्धा नव्हतं. अगदी शांत."

केटल तशीच हवेत राहिली. मला वाटलं, भरून आलंय त्यांना.

"आणि दगड?"

"आहे," मी म्हणाले. "तुमचं नाव आहे. जन्मसाल आहे, पुढे रेघ आहे."

त्या वळल्या आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्या पोटाकडे पाहिलं. "थँक यू," म्हणाल्या आणि भाकरीचा मोठा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. वर गेल्यावर मी नितीनला म्हणाले, बघ, किती खूश झाल्या! एका म्हातारीला आनंद दिला, कोणाचं काय गेलं? तो म्हणाला, "तूच सांग." पण मी सांगितलं नाही. वेळ मारून नेली होती मी, आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

त्यानंतर गावाचा नकाशा पुढे गेला नाही. खालच्या शेंड्याची तीन घरं रिकामे चौकोनच राहिली. मी लॅपटॉप घेऊन खाली जायची तर आजी म्हणायच्या, आज नको, तू पाय वर करून बस. मला वाटायचं, माझ्या बाळाची काळजी करताहेत. मार्चमध्ये सई झाली. आजींनी तिच्यासाठी पिसांची चिमुकली उशी शिवली. उन्हाळ्यात नितीनला बेसिंगस्टोकला नोकरी लागली आणि आम्ही घर बदललं. आधी महिन्यातून एकदा भेट व्हायची, मग फोन, मग ख्रिसमसचं कार्ड. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. मला त्यांच्या किचनमध्ये बसवत नसे.

मागच्या वर्षी, दिवाळीच्या आसपास, त्या केअर होममध्ये असल्याचं कळलं. सईला घेऊन गेले. लाउंजमध्ये टीव्ही चालू, हीटिंग भरमसाट, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत आजी, अर्ध्या झालेल्या. सई त्यांच्या गुडघ्याशी उभी राहून म्हणाली, "आजी, तुझा हात थंड." त्या हसल्या. मी चकल्या नेल्या होत्या, त्या त्यांना चावत नव्हत्या. मीच बोलत सुटले. दिवाळीचं सांगितलं, सईनं ग्लासमधल्या पणत्या कशा मांडल्या ते सांगितलं.

"आमच्याकडेही तसंच," आजी म्हणाल्या. "त्या दिवशी सगळं गाव टेकडीवर. आमची आणि शेजारच्या गावाची दफनभूमी एकच, चर्चभोवती. शहरात गेलेली मुलं ट्रेननं परत येतात, हातात शेवंतीच्या कुंड्या. पोरांच्या बोटांवर मेण सांडतं, आया ओरडतात. बायका एकमेकींच्या घरच्या कबरी बघून कोणी किती फुलं ठेवली ते मोजतात. उभं राहायला जागा नसते. अंधार पडायला लागला की खालून टेकडी पेटल्यासारखी दिसते." मग म्हणाल्या, "त्या दिवशी तिथे कोणी नव्हतं, असं होत नाही गं."

लाउंजमध्ये कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. मला जमीन दुभंगावी असं वाटलं, आणि त्याच क्षणी मला ती स्टेशनवरची एका डब्याची गाडी दिसली. तिच्यात चढणारे लोक दिसले, काळे कोट घातलेले, आणि प्रत्येकाच्या हातात फुलं. गठ्ठेच्या गठ्ठे फुलं. ते माझ्या समोरून गेले होते. मी पाहिलंच नव्हतं. स्मशान म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच चित्र. गावाबाहेर, ओसाड, कुत्रं नाही की माणूस नाही. तेच मी बशीत घालून आजींना दिलं होतं.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"तू चिटपाखरू नव्हतं म्हणालीस तेव्हा."

"मग बोलला का नाहीत? मला शिव्या का नाही दिल्यात?"

"तू पोटुशी होतीस. घाबरलेली होतीस. मीही एकदा तालुक्याच्या स्टेशनावरूनच परत आले आहे, आर्थरला घेऊन. माझे गुडघे तेव्हा चांगले ठणठणीत होते." त्यांनी सईच्या केसांतून हात फिरवला. "आणि तू 'आहे' म्हणालीस ना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी 'आहे' म्हणालं. खोटं तर खोटं. मी तेच पुरवून पुरवून वापरलं."

मी रडायला लागले. सई घाबरून माझा कुर्ता ओढायला लागली. "मी जाते," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात जाते आजी, सईची शपथ, बघून येते आणि खरं काय ते सांगते."

"नको."

"अहो, पण—"

"नको म्हटलं ना. नसलं तर? या वयात मी 'नाही' घेऊन काय करू? कुठे ठेवू?"

आणि मला बरं वाटलं. होय, अगदी आतून बरं वाटलं, की जायला नको. हे मी कोणाला बोलले नव्हते, नितीनलाही नाही. डोळे पुसले, त्यांच्या गालाला गाल लावला आणि पाच वीसची ट्रेन गाठली.

जानेवारीत केअर होमचा फोन आला. त्यांच्या डायरीत माझा नंबर होता. रीडिंगच्या सिमेटरीत आर्थरशेजारी त्यांना ठेवलं. आम्ही मिळून सात माणसं. यावेळी मी आत गेले. कोणी अडवलं नाही, आईचा फोन आला नाही, काही झालं नाही. पाऊस होता तेवढा.

मागच्या शनिवारी त्या गल्लीतून निघून मी तिथेच गेले. खरं तर त्यासाठीच रीडिंग गाठलं होतं. जूनमध्ये काय झालं ते त्यांना सांगायचं होतं. उभी राहिले अर्धा तास. बाजूला कौन्सिलचा माणूस गवत कापत होता. ज्या तोंडानं एवढं सहज खोटं बोलले, त्या तोंडातून खरं बाहेर पडेना.

जूनमध्ये आम्ही तिघं ओल्शिंकाला गेलो. तळं खरंच भाजलेल्या बटाट्यासारखं आहे. पूल आता सिमेंटचा. खालच्या शेंड्याला नुसतं गवत, आणि गवतात सफरचंदाची म्हातारी झाडं. लिंडन फुलला होता, सगळा चौक मधाच्या वासानं भरलेला. मला प्रत्येक वळण माहीत होतं. नितीन नकाशा काढायला लागला तर मी म्हणाले, ठेव तो. टेकडी चढलो. सई पुढे पळाली. दफनभूमीत गुलाब होते, नळाजवळ झाऱ्या टांगलेल्या होत्या, आणि तिसऱ्या ओळीत तो दगड होता.

वडील. आई. आणि त्याखाली बोझेना, माहेरच्या आडनावासकट. जन्मसाल. रेघ. रेघेपुढे काही नाही.

शेजारच्या कबरीवर पाणी घालणारी पंचविशीतली मुलगी आधी त्यांच्या भाषेत काही म्हणाली, मग इंग्रजीत. इंग्लंडात स्लाऊला दोन वर्षं सँडविच पॅक करायला होती, परवाच्या थंडीत परत आली. मी दगडाकडे बोट केलं तशी म्हणाली, "ही इंग्लंडवाली. माझी आजी सांगायची, हिची आई म्हातारपणी दगडवाल्याकडे स्वतः चालत गेली होती नाव घालून घ्यायला. लोक म्हणाले, कशाला, ती काय आता येणार आहे? तर म्हणाली, येवो न येवो, तिची जागा नको का?" मग थोडी पुढे आली. "तुम्ही ओळखता त्यांना? आहेत त्या?"

"जानेवारीत गेल्या."

तिनं झारी खाली ठेवली. "त्यांना माहीत होतं का? इथे नाव आहे ते?"

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "पण त्यांचा विश्वास बसला नाही."

"का?"

सई वाटेवरचे खडे गोळा करत होती. नितीन माझ्याकडे पाहत होता. मनात आलं, खांदे उडवावे आणि गप्प बसावं, या पोरीला काय कळणार आहे?

"कारण मी तेव्हा इथे आलेच नव्हते."